ड्राफ्टनंतरचं पहिलं वर्ष : तरुण पिचरने हात कसा राखावा आणि काम कसं शिकावं

बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लब नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, नाव आलं की घरात पेढे येतात, फोन थांबत नाहीत, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळीच मैदानात जाऊन आणखी जोरात चेंडू फेकायला लागतो. पेढे जरूर वाटा. चेंडू मात्र त्याच्या हातातून काढून घ्या.

हा लेख अमेरिकेतल्या त्या मराठी आईबाबांसाठी आहे जे स्वतः क्रिकेटवर वाढले आणि ज्यांचा मुलगा बेसबॉलचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, झाला. अशी घरं अजून मोजकीच असतील. पण भारतीय वंशाची मुलं पहिल्या फेरीपर्यंत पोचली आहेत. कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची, २०२२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर टेक्सास रेंजर्सकडे गेला. अर्जुन निम्माला २०२३ मध्ये विसाव्या क्रमांकावर टोरांटो ब्लू जेजकडे गेला. तो पिचर नाही, शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षक) आहे. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या घरांतही येणार.

आपण क्रिकेटवाले एका बाबतीत हमखास चुकतो. वेगवान गोलंदाजाची पाठ जाते, हे आपल्याला ठाऊक असतं. पिचरचं जातं ते कोपर. गोलंदाज पळत येतो आणि चेंडू सोडताना हात झटक्याने सरळ करायची त्याला मुभा नसते. पिचर माउंड या १० इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर जवळपास उभ्या जागेवरून, कोपर वाकवून, ६० फूट ६ इंचांवरच्या होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, फेकतो. तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या अस्थिबंधावर येतो. त्याला तिथे सगळे यूसीएल म्हणतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचा हा अस्थिबंध हाताच्याच दुसऱ्या स्नायुरज्जूने बदलला, आणि शस्त्रक्रियेला त्या पिचरचंच नाव पडलं. टॉमी जॉन परत आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. म्हणून काही मुलं या शस्त्रक्रियेबद्दल चष्म्याचा नंबर बदलल्यासारखं बोलतात. पुन्हा स्पर्धेत उभं राहायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. विशीतल्या मुलाचं ते सबंध वर्ष असतं, कधी दीड.

म्हणून पहिल्या वर्षाचं काम मी एकच धरतो: पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याला ताजा, न दुखणारा हात घेऊन उभं राहणं. क्लबने त्याला निवडून झालं आहे. जुलैत त्याला कुणालाही वेग दाखवायचा उरलेला नाही.

सही करण्याआधी

ड्राफ्ट आता वीस फेऱ्यांचा असतो. दरवर्षी सहाशेच्या वर मुलं निवडली जातात आणि करारासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक ठरीव रक्कम जोडलेली असते. त्यांची बेरीज म्हणजे क्लबचा सहीच्या बोनससाठीचा एकूण गल्ला. अकराव्या फेरीपासून पुढे दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस या गल्ल्यात धरला जात नाही, म्हणून त्या फेऱ्यांत हा आकडा वारंवार कानावर येतो. एजंट घ्यायचा तर खेळाडू संघटनेने प्रमाणित केलेलाच घ्या. मामाच्या ओळखीचा वकील कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नव्हे.

करारात एक कलम आपल्या घरांसाठी सोन्याचं आहे: कॉलेज शिष्यवृत्तीचं. क्लब उरलेल्या शिक्षणासाठी ठरावीक रक्कम द्यायला बांधला जातो. हे कलम सहीच्या वेळीच घालून घ्यावं लागतं, नंतर मागून मिळत नाही. आणि खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं, नाहीतर हक्क जातो. ‘डिग्रीचं काय?’ हा प्रश्न आजी विचारणारच आहे. त्याचं उत्तर कागदावर असू द्या.

मग वैद्यकीय तपासणी. इथे करार खरोखर मोडतात. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी कुमार रॉकरला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण तपासणीनंतर करार झालाच नाही. तो पुढचा उन्हाळा एका स्वतंत्र लीगमध्ये खेळला, २०२२ मध्ये पुन्हा ड्राफ्टला आला आणि ५२ लाख डॉलरला रेंजर्सनी त्याला घेतलं. २०२३ मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, उभा राहिला. तेव्हा मुलाचे जुने एमआरआय, फिजिओचे अहवाल, शाळेतल्या दुखण्याच्या नोंदी असं सगळं एका फायलीत लावून ठेवा. तपासणीत काही निघालंच तर पहिला धक्का तुम्हाला बसू नये, आणि एजंटला तर मुळीच नाही.

पैशाचं थोडक्यात. बोनसमधून कर आणि एजंटचं मानधन वजा जाता साठ टक्के हातात राहतील असं धरून हिशेब मांडा. जास्त उरलं तर आनंदच. मेजर लीगखालच्या मायनर लीगच्या खेळाडूंनी २०२३ मध्ये पहिल्यांदा सामूहिक करार केला, तेव्हा त्यातल्या खालच्या सिंगल-ए स्तराचा किमान वार्षिक पगार २६,२०० डॉलर ठरला आणि सगळ्यात वरच्या ट्रिपल-ए चा ३५,८००. राहण्याची सोय २०२२ पासून क्लब करतो. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. मधला जिना किती वर्षांचा, कोणी सांगू शकत नाही. जेकब डिग्रॉम हा पिचर २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडला गेला आणि मे २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, मेजर लीगमध्ये आला. तेवढी वर्षं बोनस पुरला पाहिजे, या बेताने पहिल्या दिवसापासून खर्च करा. नवी गाडी नको.

ऑगस्ट ते ऑक्टोबर : न फेकण्याचे महिने

सही झाली की मुलगा क्लबच्या प्रशिक्षण केंद्रावर जातो. अर्ध्या क्लबांची केंद्रं अ‍ॅरिझोनात आहेत, अर्ध्यांची फ्लोरिडात. फीनिक्सचा ऑगस्ट म्हणजे नागपूरचा मे. तिथे त्याची मापं घेतली जातात, खांदा किती फिरतो आणि कुल्हा किती वळतो ते पाहिलं जातं, कॅमेऱ्यांसमोर फेकून घेतलं जातं. सामने फारसे देत नाहीत. घरच्यांना इथे शंका येते: निवडलं कशाला, बसवायला?

हो, काही आठवडे अगदी बसवायलाच. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनपर्यंत चालतो. त्याआधी शरद ऋतूचा सराव झालेला असतो. म्हणजे जुलैपर्यंत तो हात जवळपास वर्षभर चाललेला असतो. पॉल स्कीन्सचं उदाहरण घ्या. २०२३ च्या ड्राफ्टचा तो पहिला क्रमांक, बोनस ९२ लाख डॉलर. त्या वर्षी त्याने लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीसाठी १२२ इनिंग (बेसबॉलचे छोटे डाव, एका सामन्यात नऊ) टाकल्या होत्या. पिट्सबर्ग पायरेट्सनी उरलेल्या उन्हाळ्यात त्याला पाच सामन्यांत मिळून सात इनिंगसुद्धा टाकू दिल्या नाहीत. पुढच्या वर्षी ११ मे रोजी तो मेजर लीगमध्ये आला, २०२४ चा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला. इतक्या मोलाच्या हाताला क्लबने विश्रांती दिली, यातच काय ते आलं.

किती विश्रांती, हे क्लबचा ट्रेनर लिहून देतो. साधारण चार ते आठ आठवडे चेंडू पूर्ण बंद असतो. पूर्ण म्हणजे पूर्ण. अंगणात धाकट्या भावाशी ‘हलकं हलकं’ सुद्धा नाही. या काळात पाय, कुल्हे, पोट-पाठ आणि खांद्याच्या पात्याभोवतीचे बारीक स्नायू यांवर काम करायचं. पोहणं चांगलं. झोप आठ-नऊ तास. कॉलेजच्या वेळापत्रकात जी झोप कधी मिळाली नाही, ती इथे वसूल करायची.

या महिन्यांत मोह येतो तो वेग वाढवून देणाऱ्या शिबिरांचा. जड चेंडू, वेग मोजणारी रडार गन, भिंतीवर लावलेले आकडे. ही साधनं वाईट नाहीत. योग्य वेळी, योग्य देखरेखीखाली क्लबही ती वापरतात. पण दमलेल्या हाताला शरद ऋतूत आणखी वेग मागणं मला धोक्याचं वाटतं, आणि मी एकटाच असं म्हणत नाही. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर सविस्तर अहवाल काढला. दोनशेहून अधिक प्रशिक्षक, डॉक्टर आणि जाणकारांशी बोलून तो तयार झाला होता. वेगाचा ध्यास, चेंडू अधिकाधिक वळवण्याची धडपड आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर, ही कारणं त्यात ठळक मांडली होती. मेजर लीगमधल्या सरासरी फास्टबॉलचा (सरळ, वेगवान चेंडूचा) वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. त्याच अहवालात हेही आहे की हंगाम सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत दुखापती वाढल्या आहेत, कारण मुलं हिवाळ्यातच पूर्ण जोराने फेकून येतात.

हिवाळा : पायरी पायरीने चेंडूकडे परत

क्लबकडून फेकण्याचा लिखित तक्ता येतो. तो आला की माझा खालचा तक्ता बाजूला ठेवा. पण त्यामागचा विचार घरात कळलेला असावा, म्हणून सांगतो.

कॅलेंडर उलटं मोजायचं. स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे हंगामाआधीच्या सराव शिबिराला, हजर व्हायची तारीख पकडायची आणि तिथून मागे यायचं. पहिले दोन आठवडे ४५ ते ६० फुटांवर, एक दिवसाआड, थोडेच चेंडू. मग ९० फूट, मग १२०. प्रत्येक अंतरावर चेंडू सरळ रेषेत, छातीच्या उंचीवर जायला हवा. उंच तोफेसारखा टाकावा लागत असेल तर ते अंतर अजून त्याचं नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात सपाट जमिनीवर कॅचर (यष्टिरक्षकासारखा चेंडू झेलणारा) बसवून. त्यानंतर माउंड: पहिल्यांदा पंधरा-वीस चेंडू, फक्त फास्टबॉल. पुढच्या खेपेला चेंजअप हा संथ चेंडू आणायचा. वळणारे चेंडू सगळ्यात शेवटी. एक नियम मी कधी मोडू देत नाही: अंतर, संख्या आणि जोर, या तिघांतली एकच गोष्ट एका वेळी वाढवायची.

जोराबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पिचरला ‘अर्ध्या ताकदीने फेक’ म्हटलं, तर त्याच्या मनात ते अर्धं असतं, पण चेंडूचा वेग नेहमीच्या अर्ध्यापेक्षा कितीतरी जास्त निघतो. कोपरालाही तसाच जास्त ताण पडतो. रडार गनचा खरा उपयोग इथे आहे: आवरायला. गन मागे ठेवा आणि आकडा ठरवलेल्या मर्यादेवर गेला की सांगा.

चेंडूही बदललेला असतो. कागदावर तोच: ५ ते ५¼ औंस, १०८ दुहेरी टाके. पण शाळेच्या चेंडूची शिवण उठावदार असते, कॉलेजची २०१५ पासून सपाट झाली, आणि व्यावसायिक चेंडूची आणखी वेगळी लागते. बोटांना शिवण पकडायची सवय लागायला आठवडे जातात. क्लबकडून एक-दोन डझन चेंडू मागून घ्या आणि हिवाळाभर त्यांनीच फेका. सोफ्यावर बसल्या बसल्याही एक हातात असू दे.

तिसरा चेंडू

कॉलेजमध्ये फास्टबॉल आणि एक चांगला वळणारा स्लायडर यांवर मुलगा तरून जातो. पुढे डावखुरे आणि उजवे, दोन्ही फलंदाज बाद करायचे तर तिसरा चेंडू लागतो, बहुतेकदा चेंजअप: हात फास्टबॉलच्याच वेगाने येतो, चेंडू मात्र मागे रेंगाळतो. तो शिकायला वेळ जातो, कारण हात मुद्दाम संथ करायचा मोह आवरावा लागतो. डिग्रॉमने निवड झाल्यावर काही महिन्यांतच टॉमी जॉन करून घेतली, आणि त्या सक्तीच्या काळात योहान सँताना या दिग्गजाने त्याला चेंजअपची पकड दाखवली. तो पुढे दोनदा साय यंग जिंकला. शेजारच्या लॉकरपाशी कोण बसलंय याकडे मुलाने लक्ष ठेवावं. विचारलं तर जुने खेळाडू सांगतात.

आकड्यांची मात्र झोड उठेल. ट्रॅकमॅन हे रडार यंत्र आणि हाय-स्पीड कॅमेरे प्रत्येक चेंडूची गिरकी, उठाव, सुटण्याची उंची मोजतात. हे सगळं उपयोगाचं आहे, पण एकदम नाही. पिचिंग कोचला विचारावं: ‘या हिवाळ्यात मी कोणत्या दोन गोष्टींवर काम करू?’ दोनच. त्या वहीत लिहाव्यात, आणि बाकी आकडे कोचकडे राहू द्यावेत.

घड्याळाची सवयही हिवाळ्यातच लावा. मेजर लीगमध्ये बेस रिकामे असताना १५ सेकंद आणि कोणी बेसवर असताना १८ सेकंद मिळतात, मायनरमध्येही घड्याळ आहेच. एका फलंदाजामागे माउंडवरून पाय काढायची किंवा बेसकडे फेकायची मुभा दोनदाच. तिसऱ्यांदा धावपटू बाद झाला नाही तर बॉक दिला जातो, म्हणजे धावपटू एक बेस पुढे जातो. स्वयंपाकघरातला टायमर घेऊन सराव केला तरी चालतो. आणि हाताला राळेच्या पिशवीखेरीज काहीही चिकट लावायचं नाही. २०२१ पासून पंच हात तपासतात आणि सापडल्यास दहा सामन्यांची बंदी येते.

ताट आणि डबा

ताकदीसाठी व्यायाम करणाऱ्याला रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. मुलगा ९५ किलोचा असेल तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. वरण-भात-पोळीवर हे गणित जमत नाही, हे आईने मनाला लावून घेऊ नये. मांसाहारी असेल तर सोपं आहे. शाकाहारी असेल तर अंडी चालतात का ते पाहावं, नाहीतर घट्ट दही, पनीर, टोफू, उसळी आणि दुधाची प्रथिन पावडर, दिवसातून चार-पाच वेळा विभागून. क्लबच्या आहारतज्ज्ञाला पहिल्याच आठवड्यात सांगावं की मुलगा काय खातो आणि काय नाही. सांगितलं तर सोय होते. संकोचून गप्प बसणारी मुलं सॅलडवर दिवस काढतात आणि हंगामाच्या मध्यावर त्यांचं वजन उतरतं.

भारतातून येणारी चूर्णं, आसवं, ‘ताकदीची’ भस्मं मात्र बॅगेत भरू नका, मग ती कितीही प्रेमाने आजोबांनी दिलेली असोत. आत काय आहे याची खात्री नसते, आणि उत्तेजक चाचणीत जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. पावडर घ्यायची तर डब्यावर ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असा शिक्का हवा, आणि डबा उघडण्याआधी ट्रेनरला दाखवलेला हवा. सर्दीच्या गोळीलाही हाच नियम.

दुखणं सांगायला शिकवणं

माझ्या सगळ्या लेखात एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

आमच्या घरी मुलगा शाळेत असताना एकदा डब्याची झाकणं डाव्या हाताने उघडायला लागला. तीन आठवडे आम्हाला कळलं नाही. कोपर आणि मनगट यांच्या मधला आतला स्नायू आखडला होता आणि स्पर्धा जवळ होती, म्हणून तो गप्प होता. नशिबाने विश्रांतीवर भागलं. पण तेव्हापासून मी ‘दुखतंय का?’ असं विचारणं सोडून दिलं. त्याचं उत्तर प्रत्येक पिचर ‘नाही’ असंच देतो. मी विचारतो, ‘कुठे, केव्हापासून, आणि फेकल्यावर किती वेळ?’

फेकल्याच्या दुसऱ्या दिवशी खांद्याच्या मागे, दंडात, मांडीत दुखणं हे कामाचं दुखणं. हालचालीने ते सुटतं. कोपराच्या आतल्या बाजूचं टोचणारं दुखणं, करंगळी आणि अनामिकेतल्या मुंग्या, हाताच्या आतल्या स्नायूचा आखडलेपणा, कारणाशिवाय दोन-तीन मैलांनी घटलेला वेग, किंवा एकाएकी चेंडू वर वर जाणं: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी ट्रेनरकडे. सामना संपल्यावर नाही, ‘उद्या बघू’ नाही. पोट्ट्याला वाटतं की सांगितलं तर नाव कापलं जाईल. त्याला टारिक स्कुबलची गोष्ट सांगा: कॉलेजमध्येच टॉमी जॉन झालेली, तरी डेट्रॉईट टायगर्सनी २०१८ मध्ये नवव्या फेरीत घेतलं, २०२२ मध्ये पुन्हा हाताची शस्त्रक्रिया झाली, आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगचा साय यंग त्याच्याकडे आला.

मार्च आणि पुढे

स्प्रिंग ट्रेनिंगला तो नव्वद टक्के तयार पोचावा, शंभर नव्हे. उरलेलं तिथे होतं. मग नेमणूक होते. बहुतेकांची सिंगल-ए किंवा त्याच्या वरच्या हाय-ए स्तरावर, जिथे हंगाम १३२ सामन्यांचा असतो. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सलग सहा सामने, सोमवारी सुट्टी. कॉलेजच्या शुक्रवारच्या पिचरला, म्हणजे दर शुक्रवारी सामना सुरू करणाऱ्या मुख्य पिचरला, हा ताल जवळचा वाटतो, कारण इथेही बहुधा आठवड्यातून एकदाच पाळी येते. फरक हा की हे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालतं, आणि वर गेल्यावर पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी येते.

मधले दिवस ठरलेले असावेत. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पायांचा जड व्यायाम आणि हलकं धावणं. तिसऱ्या दिवशी थोडं कॅच. चौथ्या दिवशी बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) वीस-तीस चेंडू. पाचव्या दिवशी हलकं. सहाव्या दिवशी जवळजवळ काही नाही, फक्त समोरच्या फलंदाजांचा अभ्यास. रोज दोन ओळी वहीत: किती फेकले, कसं वाटलं, किती झोपलो. जुलैत हात जड वाटला की मागची पानं उलटून कारण सापडतं.

थोडं स्पॅनिशही शिकावं. मेजर लीगमधले चतुर्थांशाहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले, सगळ्यात जास्त डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाचे. कॅचर त्यांच्यातलाच असू शकतो आणि अटीतटीच्या क्षणी माउंडवर येऊन तोच बोलणार आहे. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी अशी सवय असलेल्या आपल्या मुलांना तिसरी भाषा जड जात नाही.

त्याचा सामना पाहायला जायचं असेल तर तिकिटं काढण्याआधी पाळी कधी आहे ते त्यालाच विचारा. पाऊस पडला तर ती सरकते, म्हणून एक दिवस हातचा ठेवा. सामन्याआधी भेटायला जाऊ नका. त्या दिवशी तो कुणाशीच बोलत नसतो. सामन्यानंतरही ट्रेनरचं काम संपायला तासभर जातो, तोवर डबा गाडीतच राहू द्या. आणि फोन करायला सोमवार चांगला, फक्त संघ बसने दुसऱ्या गावी निघालेला नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.